पगार नव्हे, फी

बाबा, आज मला तुमच्याशी भांडायचंय, आणि आज तुम्हाला ताटावरून मध्येच उठून हात धुवायला जाता येणार नाही.

अंबरनाथच्या त्या केमिकल कंपनीत तुम्ही वर्षानुवर्षं डॉक्टर होतात. आठच्या भोंग्याला दवाखान्यात हजर, सुटीच्या भोंग्यापर्यंत हलायचं नाही. खुर्ची त्यांची, औषधं त्यांची, बाहेर प्रॅक्टिस करायला बंदी. आणि हातात काय, तर फी! कर भरायचा तोही बाहेरचा व्यावसायिक म्हणून. कामगारांना फंड, ग्रॅच्युइटी, डॉक्टरला ठेंगा. बदलापूरच्या घरात पोळ्या लाटता लाटता आई म्हणायची, "अहो, एकदा विचारा तरी." तुमचं उत्तर ठरलेलं, "मी कुणाचा नोकर नाही. मी फी घेणारा डॉक्टर आहे."

मग मी कर-सल्लागार झाले आणि तुमची केस हातात घेतली. कल्याणच्या आयकर कचेरीत आपण दोघं बसलोय. मी सांगतेय, वेळ कंपनी ठरवते, काम कंपनी ठरवते, मग ही फी कसली, हा तर पगार. आयकरवाल्यांनी एकदा पगार म्हटलं की त्याच जोरावर कंपनीकडे ग्रॅच्युइटी मागायची, हे घरी तुम्हाला दहादा समजावलं होतं. अधिकारी भला माणूस, मान हलवत होता. शेवटी त्याने तुम्हालाच विचारलं, "डॉक्टरसाहेब, सुट्टी हवी असली तर परवानगी कुणाची घेता?"

"परवानगी? मी फक्त कळवतो."

अहो, धडधडीत खोटं! आजी गेली त्या दिवशी मी तुम्हाला न्यायला आले होते. मॅनेजरच्या केबिनबाहेर तुम्ही अर्ज घेऊन उभे, आणि तो आत फोनवर खिदळतोय. मग म्हणाला, "डॉक्टर, इन्स्पेक्शन निपट जाए, फिर जाना." आणि तुम्ही थांबलात! आजीला संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली आम्ही.

अधिकाऱ्याने फाइल मिटली. तुम्ही व्यावसायिकच ठरलात. पुढे कंपनीला टाळं लागलं, तुम्हीही गेलात, आणि आई माझ्याकडे राहायला आली. लेकीच्या घरात दुसरा कप चहा मागायलाही संकोचायची हो ती. तुमची ऐट तुम्हाला लखलाभ, पण तिची किंमत आईने मोजली. त्याचा संताप अजून जात नाही.

हे आईला वाचून दाखवणार होते, पण नाही दाखवणार. त्या कचेरीत मी शेजारीच होते, तोंड उघडून खरं सांगू शकले असते. नाही सांगितलं. केस बुडताना दिसत होती, तरी मला आतून बरंच वाटलं होतं, की तुम्ही मॅनेजरच्या दारात कसे उभे होतात ते त्या परक्या माणसाला कळलं नाही.