पायरीवरच्या सावलीची मालकी

लिहून ठेवतो मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा इमारतींचे फोटो काढणे. माझे डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, पण ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला मागे टाचला आहे. याआधीचे मृत्युपत्र धाकट्या भावाने समोर बसून माझ्याकडून लिहवून घेतले होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर मुलीला. फोटो धुण्यासाठी मागच्या खोलीच्या खिडकीवर मी फळ्या ठोकल्या, त्या तिने आधी उपटाव्यात. त्या खोलीत सकाळचे ऊन येते. तिच्या आईला ते शेवटपर्यंत मिळाले नाही.

२. कॅमेऱ्याची लाकडी तिपाई धाकट्या भावाला. "आम्ही दोघांनी काढलेले फोटो" असे तो चारचौघांत सांगत फिरतो. तर एकदा ती खांद्यावर घेऊन त्याने चार जिने चढावे. माझी बायको होती तोवर तीच ती चढवत आली.

३. ज्या थोर छायाचित्रकारापायी मी बिघडलो, त्यांचे पुस्तक रद्दीत. त्यांना मी कधी भेटलो नाही. कोवळे ऊन, ओळंब्यातल्या रेषा आणि चौकटीत माणूस औषधालाही नाही, ही त्यांची रीत. ती मी डोळे मिटून उचलली. पुस्तक वाचनालयाला देऊ नये, आणखी कोणी बिघडायला नको.

४. चार हजार निगेटिव्ह धाकट्याने घ्याव्यात, विकाव्यात, चुलीत घालाव्यात. क्रमांक २१२ मात्र त्याच्या हाती पडता कामा नये.

ही शाळेच्या जिन्याची. पांढरी भिंत, रिकामा जिना, आणि पायऱ्यांवर मोडत गेलेली एक सावली, जिचा माणूस कुठेच नाही. या सावलीला बक्षीस मिळाले. परीक्षक म्हणाले, केवढी कल्पकता. कल्पकता कसली डोंबलाची. त्या सकाळी बायकोच्या चपलेचा अंगठा तुटला. मी ओरडलो, "बाजूला हो, ऊन चाललंय." ती चप्पल हातात घेऊन भिंतीपाशी उभीच राहिली. म्हणाली, "काढा की. मी काय भिंत खाते?" रागाच्या भरात मी बटण दाबले. घरी येऊन निगेटिव्हवर तिच्या अंगावर लाल रंग भरला. त्या रंगातून उजेड जात नाही. कागदावर तेवढी जागा पांढरी उमटते, भिंतीसारखी. पायऱ्यांवरची सावली पुसता येईना, म्हणून राहिली. बायको शेजारी उभी राहून बघत होती. "नीट भरा, कान राहिलाय," म्हणाली.

ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो मिळेना. ओळखपत्रावरचा मोठा करून आणला, तर नाकावर शिक्का. मुलगी म्हणाली, "बाबा, चार हजार भिंतींचे फोटो आहेत. आईचा एक नाही." तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बरोबर केले. मीही बोललो नसतो.

५. क्रमांक २१२ मुलीला. लाल रंग ओल्या कापसाने निघतो. हळू पुसावा, कानाकडून सुरुवात करावी. मी स्वतः धजलो नाही. फोटो मोठा करून घ्यावा, कडा कापू नयेत. खाली माझे नाव घालू नये, तिच्या आईचे घालावे. मूळ चित्र बिघडवले म्हणून धाकटा ओरडत आला, तर त्याला जिन्यातूनच परत पाठवावे.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका (सही), डॉक्टरीणबाई (सही).
स्थळ: मागची खोली, एक फळी काढून. दिनांक ९ मार्च, सकाळ.
लिहून ठेवणाऱ्याची सही केली आहे. माझा फोटो चिकटवायची चौकट रिकामी सोडली आहे. ती तशीच राहू द्यावी.