एकदा नको म्हटलं म्हणून

मिठबाव,
११ मे २०२५

लाडक्या अ‍ॅनी,

तुझा गुडघा बरा असेल, असं धरून चालते. फोनवर माझा आवाज तुला लगेच कळतो, म्हणून लिहिते आहे.

आज सकाळपासून एक जुनी दुपार आठवते आहे. मामीच्या ओटीवर आपण दोघी बसलो होतो, आणि मामीने दोदोलच्या वड्यांचं ताट पुढे केलं. मी रीतीप्रमाणे "नको" म्हटलं. मामी पुन्हा आग्रह करणार, इतक्यात तू म्हणालीस, "मेल्विनाक नको तर तिची पण माका दी." सगळे हसले. मीही हसले.

तू विचारलंस, आफ्रिकेत सामान काय न्यायचं. नैरोबीहून पुढचं विमान अगदी छोटं, गवतावर उतरतं. चाकांची बॅग घेऊ नकोस, मऊ पिशवी घे. निळे-काळे कपडे नकोत, त्यांच्यावर चावऱ्या माश्या येतात. ते रान सरकारचं नाही, तिथल्या गुराख्यांच्या गावांचं आहे. तंबू मोजके, कुंपण नाही. अंधार पडला की जेवणानंतर गावातलाच माणूस भाला घेऊन तंबूपर्यंत सोडतो. त्याच्याशिवाय पाऊल टाकू नकोस. पिवळ्या तापाची लस वेळेत घे. सुई कळत नाही, पण दंड दोन दिवस जड राहतो.

हो, मी घेतली आहे.

मॅक्सवेल नाताळात म्हणाला होता, "मम्मी, तुका रानातले हत्ती दाखवतंय." तेव्हापासून मी गुपचूप तयारीला लागले. पासपोर्टही केला. मग मार्चमध्ये त्याने फोनवर विचारलं, "ऑगस्टात येतंस काय?"

मी म्हटलं, "नको रे, ह्या वयार रानात जावन काय करू?"

"बरा तर, अ‍ॅनी मावशीक विचारतंय," म्हणाला आणि फोन ठेवला.

आपल्याकडे पहिलं नको म्हणजे नकार असतो का, सांग. पण इतकी वर्षं परदेशात राहिलेला मुलगा ऐकतो तेवढंच धरतो. आणि तू पहिल्याच फोनला हो म्हणालीस.

मला तुझा हेवा वाटतो, अ‍ॅनी. सिंह-हत्तींसाठी नाही. पहाटे त्या उघड्या गाडीत थंडी वाजेल आणि तो तुझ्या खांद्यावर शाल टाकील, त्यासाठी. कॉलेजची वर्षं तो म्हापशाला तुझ्याकडे राहिला, तेव्हापासून रविवारचा पहिला फोन तुला येतो. परवा चर्चमध्ये तुझ्या प्रवासासाठी मेणबत्ती लावली आणि मनात आलं, हिचा गुडघा जरा सुजू दे. लाज वाटून दुसरी लावली.

तंबूत तिसरी खाट घालता येते. तेही मी तंबूवाल्यांना विचारून ठेवलं आहे.

दत्तारामच्या टेम्पोतून आंबे पाठवते आहे. मोठी पेटी तुझी. लहान पेटी शेजारच्या रिशेलला दे, तिची मुलं वाट बघत असतील. सुटे आहेत ते फादरना. पुढच्या आठवड्यात मॅक्सवेल सुट्टीवर येईल, विमानतळावरून आधी तुझ्याकडेच उतरेल. त्याला एकही आंबा देऊ नकोस. विचारलं तर सांग, तुझे मम्मीकडे ठेवले आहेत, तिथे जाऊन खा. आणि जेवायला थांबवू नकोस.

उन्हासाठी घेतलेली खाकी टोपी तुला पाठवणार होते. ती मी ठेवून घेतली आहे. त्याने अर्धं वाक्य उच्चारलं तरी ह्या खेपेला मी हो म्हणणार आहे.

तुझ्यावर माया करणारी आणि तुझ्यावर जळणारी,
मेल्विना