साहेबापुढची उजळणी

पलूस
ता. ९ डिसेंबर १९७५

प्रिय शालू,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज लिहीन म्हणते आणि रोज राहतं. बनूचा खोकला थांबला हे वाचून जीव भांड्यात पडला. अडुळशाच्या काढ्यात गूळ जरा जास्त घालत जा, असं लिहिणार होते. मग मनात आलं, तुझ्या दादांमागं दुसरा पाट लावून मी वडूज सोडल्यापासून माझ्या लेकीला काढा तूच पाजतेस आणि मी इथं बसून तुला शिकवते आहे. आईपेक्षा आत्याला जास्त कळतं हे आता मान्य करायला हवं. कोरेगावच्या स्टेशनाचं जे विचारलंस त्याचं उत्तर शेवटी लिहिते. आधी मुंबईचं सांगते.

पत्रात मी नवऱ्याचं कृष्णात असं नाव घेऊन लिहिते याचं तुला नवल वाटेल. खरं सांगू, 'हे' म्हटलं की अजून तुझे दादाच डोळ्यांपुढं येतात. आणि दुसरं म्हणजे, गेले दोन महिने या घरात मला नवऱ्याचं नाव घ्यायची शिकवणी होती. विलायतेतला नवरा बायकोला बोलावतो तेव्हा आधी मुंबईत साहेबापुढं बसून उत्तरं द्यावी लागतात. आपण याची खरोखरीची बायको आहोत हे त्याला पटलं तर परवाना. नवऱ्याला तिकडं तेच विचारतात, बायकोला इकडं, आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत की संपलं. तेव्हा नवऱ्याचं नाव काय म्हटल्यावर लाजून पदर तोंडात धरून भागणार नव्हतं.

साहेब व्हायचे आमचे चुलत सासरे, आप्पासाहेब. पलटणीतून हवालदार होऊन आलेले. सोप्यात खुर्ची मांडून, अंगात कोट घालून बसायचे आणि मला समोर पाटावर बसवायचे. "सूनबाई, सायब वाकडं इचारंल, तुमी सरळ सांगायचं." नवऱ्याचं नाव? कृष्णात, असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा सासूबाईंनी दोन्ही कानांवर पदर ओढला. घराचं तोंड कुठं? नवऱ्याच्या अंगावर खूण कुठली? चहा गोड घेतो का अगोड? शालू, मी त्या माणसाबरोबर जेमतेम दीड महिना राहिले. तो कव्हेंट्रीत लोखंडाच्या भट्टीवर आहे, डाव्या मनगटावर भाजल्याची खूण आहे, झोपेत दात खातो. एवढी माझी पुंजी. तुझे दादा कुठल्या कुशीवर झोपायचे हे मला कुणी आज विचारलं तरी सांगेन, पण ते कुणी विचारणार नव्हतं.

मोठी पंचाईत लग्नाची होती. साहेबाला लग्नाचा फोटो लागतो, पत्रिका लागते, मांडवात कोण कोण होतं ते लागतं. पाटाला कसला मांडव? घरामागच्या अंधारात उरकलेलं काम ते, वाजंत्री नाही, एका सवाशिणीनं तोंड बघायचं नाही. आप्पासाहेब म्हणाले, ठोकून द्या दोनशे माणूस जेवलं म्हणून. पण कृष्णातनं तिकडून लिहिलं, जे झालं तेच सांग, मी तेच सांगितलंय. तसा तो सरळ माणूस आहे. शेवटी पाटाच्या वेळी माझ्या पाठीशी उभ्या राहिलेल्या रंगुबाई म्हातारीला तासगावच्या कचेरीत नेऊन साक्षीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. बिचारी वाटेत म्हणत होती, "रांडमुंड बाईच्या अंगठ्यानं कुनाचं लगीन खरं हुतं व्हय गं?"

एवढं सगळं पाठ झालं आणि मग एके दिवशी आप्पासाहेबांनी विचारलं, मुलंबाळं? मी म्हटलं, एक मुलगी. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग कृष्णातचं पत्र वाचून दाखवलं. तिकडच्या साहेबानं त्याला मुलं किती असं विचारलं होतं, आणि त्यानं एकही नाही म्हणून सांगितलं होतं.

मला राग आला, पण तो धरायचा कुणावर? तुझ्या दादांना विहिरीच्या सुरुंगानं नेलं, त्याला वर्ष होऊन गेल्यावर तुझ्याच आईनं मला जवळ बसवून सांगितलं होतं, "तुजं वय हाय अजून. पाट लाव. पोर हितंच ऱ्हाईल, आमच्या मानसिंगची हाय ती. तिला काय कमी पडू द्यायची न्हाई." पाचजणांदेखत ठरलं. आपल्यात रीतच ती, बाई निघून जाते, लेकरू ज्या घरचं त्या घरी राहतं. मीही मान हलवलीच होती. कृष्णातनं त्या रीतीनं हिशेब केला. साहेब आपल्या घरातली माणसं विचारतोय, आणि बनू तर वडूजची. खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही आलं नसणार. उलट पाटाच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं मला सांगितलं होतं, तू एकदा तिकडं ये, मग वर्षभरात तिलाही आणू. त्या शब्दावर तर मी दिवस काढत होते.

मग माझी खरी उजळणी सुरू झाली. मुलंबाळं? नाही. "सूनबाई, खाली बघू नका. खाली बघून न्हाई म्हनलं की सायबाला व्हय ऐकू येतं." मी भाकरी थापताना म्हणायची, नाही. धुणं आपटताना म्हणायची, नाही. एकदा सासूबाईंनी ऐकलं. हातातलं सूप ठेवून परड्यात निघून गेल्या. त्यांनीही लेकरं वाढवलीत.

मुंबईत त्या कचेरीत बाकावर माझ्या शेजारी नवसारीची एक बाई होती. मोडक्या हिंदीत आम्ही बोलत होतो. तिची ही तिसरी खेप. नवऱ्यानं दोन मुलं सांगितली, हिनं तीन. थोरला तिच्या आईकडं वाढलेला, म्हणून नवऱ्यानं मोजलाच नव्हता. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, आत्ता नाही सांगितलं आणि मागाहून बोलावलं तर? ती म्हणाली, बहन, आज जे नाव सांगितलं नाही ते उद्या चालत नाही. साहेब म्हणतो, तेव्हा नव्हतं, आता कुठून आलं? मग तिनं माझा हात धरला, तिला सगळं कळलं असावं. म्हणजे शालू, आत जाताना मला ठाऊक होतं. अजाणता झालं असं मी तुला सांगणार नाही.

साहेब तरणा होता, पडशानं बेजार झालेला, सारखा रुमाल काढत होता. त्याचं बोलणं मराठीत सांगायला एक चष्म्यावाली बाई होती. मनगटावरची खूण विचारली. रंगुबाईचं विचारलं. दारातलं झाड विचारलं. आणि त्याच सुरात ती बाई म्हणाली, मुलंबाळं? मी साहेबाकडं सरळ बघितलं आणि म्हटलं, नाही. तिनं एक बारकासा इंग्रजी शब्द उच्चारला, त्यानं तो लिहिला आणि पुढचं विचारलं, विहीर घराच्या कुठल्या अंगाला. मला वाटत होतं, मी नाही म्हटल्यावर काहीतरी होईल. काहीसुद्धा झालं नाही. परवाना मिळाला. बाहेर आल्यावर आप्पासाहेब म्हणाले, "लय ब्येस बोलला तुमी." आणि मी तिथं रस्त्यातच खाली बसले.

एक मुलगी आहे म्हटलं असतं तर कृष्णात खोटा ठरला असता, मी इथंच राहिले असते, ना नवऱ्याची ना वडूजची, आणि बनू तरी कुठं मिळणार होती? तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत. हे सगळं खरं आहे. पण मला जायचं होतं हेही खरं आहे. तुझ्याशी खोटं बोलून मी कुठं जाऊ?

आता कोरेगावचं. संक्रांत झाली की मी आणि मला मुंबईला पोचवायला आप्पासाहेब, असे आम्ही निघू. तू लिहिलंस की पॅसेंजर कोरेगावला थांबते, बनूला नवा झगा घालून स्टेशनावर आणते, खिडकीतून डोळे भरून बघून घे. हे पत्र त्यासाठीच लिहिलं. शालू, तिला आणू नकोस. नाही म्हणायची उजळणी माझ्याकडून दोन महिने करून घेतली गं सगळ्यांनी, पण बनूनं खिडकीशी येऊन आई म्हणून हाक मारली तर काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नाही. मी उतरेन, आणि उतरून तरी तिला काय देईन? तुझं नांदणं मोडून तू माहेरी आलीस तेव्हा सगळे म्हणाले, हिची कूस कोरडीच राहिली. गेल्या वर्षी वडूजच्या बाजारात आपण भेटलो तेव्हा रेवड्या मागताना बनू तुला चुकून आई म्हणाली होती, आणि तू माझ्याकडं बघून तिला दटावलं होतंस. आता दटावू नकोस.

तुझीच,
म्हणशील तर अजूनही वहिनी,
विजयमाला