सातव्या तुकड्याची निनावी तक्रार

नेदर वॉलबी,
८ जून १९९४

चि. विनी हिस,

ज्येष्ठ बंधू ऑब्री याचे अनेक आशीर्वाद; ग्रामपरिषदेच्या अध्यक्षाचे आशीर्वाद सभेच्या मान्यतेनंतर पाठवीन.

तुमच्या ऑर्कनी बेटावर वाऱ्याशिवाय कोणी भांडत नाही, हे तुझे भाग्य. येथे चर्चच्या फाटकापाशी कुत्री जे करून जातात त्यावर कालच्या सभेत पाऊण तास गंभीर विचारमंथन झाले. बसथांब्याचे छप्पर पुनश्च गळू लागले आहे. रस्त्यातला खड्डा मात्र स्वस्थानी सुस्थिर आहे.

आता मुख्य व्यथा. गेल्या महिन्यात आपल्या बाबांविरुद्ध परिषदेकडे तक्रार आली. परिषद गावकऱ्यांना कसायला देते त्या मळ्यातील सातव्या क्रमांकाचा जो तुकडा ते एक्केचाळीस वर्षे कसत आले, तो तणाने ग्रासला असून नियमाप्रमाणे काढून घ्यावा, असे ठसठशीत अक्षरांत लिहून खाली 'एक करदाता' एवढीच सही. निनावी पत्राचा विचार करू नये असा आमचा नियम आहे. परंतु पत्र निनावी आहे की नाही हे ठरवण्यासाठी ते वाचावे लागले, आणि वाचल्यावर ते सर्वांना पाठ झाले. 'करदाता' हे नाव मानावे काय, यावर मतदान झाले. तीन विरुद्ध तीन. माझ्या निर्णायक मताने ते नाव ठरले. का, ते मलाच उमगलेले नाही.

नियम असा की तीन महिने पडीक राहिलेला तुकडा अध्यक्षाच्या सहीच्या नोटिशीने प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला द्यावा. पहिले नाव ग्वेन टॅलबॉट, गावची परिचारिका, सहा वर्षे तिष्ठत असलेली. म्हणजे पित्याच्या मळ्यावर पुत्राची सही! कमरेच्या दुखण्यामुळे बाबा नाताळापासून तिकडे फिरकलेले नाहीत. तुझ्या जन्माच्या वर्षी लावलेले अलुबुखाराचे झाड फेब्रुवारीच्या वादळात उन्मळून पडले, तेही त्यांना सांगण्याची कोणाची छाती झाली नाही. मळा गेला तर ते खचतील.

परंतु गूढ पुढेच आहे. शनिवारी आम्ही यथाविधि पाहणीस गेलो, तर तुकडा निष्कलंक! तणाची काडी नाही, घेवड्याच्या वेलांना काठ्या लावलेल्या. मी रविवारी बाबांना सांगितले की मळा झकास आहे. ते हं म्हणाले आणि क्रिकेटवर आले.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा संभ्रमित,
ऑब्री

*

स्ट्रॉमनेस,
१४ जून १९९४

ती. दादास,

विनीचा शि. सा. नमस्कार. अध्यक्षांना वेगळा नमस्कार हवा असल्यास विषयपत्रिकेवर घ्यावा.

तुझे पत्र नवऱ्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, अशी परिषद आमच्याकडे असती तर टीव्ही घेतला नसता.

दादा, तण काय आपल्या पायांनी चालत गेले?  पाहणीची तारीख तुम्ही चर्चच्या फळ्यावर आठ दिवस आधी लावता ना? मग त्या आठ दिवसांत कुदळ कुणी उचलली ते खरे खरे लिही. लहानपणी काच फोडलीस तेव्हाही तू असाच संस्कृतात बोलायला लागला होतास.

आणि ती तक्रार डोरीन स्पर्लिंगची नाही ना? पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तिला पत्रांवाचून करमत नसेल.

बाबांना माझे नमस्कार सांग. धाकटीवर लोभ आहेच, तो नियमात बसवू नकोस.

तुझी,
विनी

*

नेदर वॉलबी,
५ जुलै १९९४

चि. विनी हिस,

अपराधी बंधूचे आशीर्वाद.

कबूल करतो. पहिल्या पाहणीच्या आदल्या दिवशी, सकाळी सहा वाजता, मी खुरपे कोटाखाली दडवून मळ्यात गेलो. पाहतो तो डोरीनबाई गुडघ्यांवर बसून हरळी उपटत आहेत आणि आपला जुना बसचालक बार्नबी क्रिच झारीने पाणी घालतो आहे. त्रिवर्गाची दृष्टादृष्ट झाली. डोरीनबाई म्हणाल्या की त्यांच्या कानातले हरवले आहे. बार्नबी म्हणाला की डॉक्टरांनी गुडघ्याला व्यायाम सांगितला आहे. मी निवेदन केले की अध्यक्ष या नात्याने कुंपण तपासतो आहे. त्यानंतर दीड तास आम्ही तिघांनी एकमेकांना न पाहता तण काढले, घेवड्याला काठ्या लावल्या आणि हवेवर सविस्तर बोललो. कानातले काही सापडले नाही. दुसऱ्या पाहणीआधीही ते तेथेच हरवले.

तेव्हा तक्रार डोरीनबाईंची नव्हे. त्यांचे हात सोलवटले आहेत. मग कोणाची? कारण दुसरी आली! मजकूर उतरवून देतो: 'पाहणी म्हणजे थट्टा आहे. अध्यक्ष पित्याची बाजू घेतात. अलुबुखाराच्या झाडाखाली कमरेएवढा आंबटचुका माजला असेल, फाटकावर वेलतण चढले असेल. नियम सर्वांना सारखा हवा. एक करदाता.' म्हणून दुसरी पाहणी केली, तर आंबटचुक्याचे पान नाही, विनी! मी स्वतः मोजले, शून्य भरले. हा कोण आंधळा वैरी, जो स्वच्छ भूमीवर अरण्य पाहतो?

आमच्या चिटणीस मिसेस ट्रॉटर म्हणतात की बारा तारखेच्या सभेत काय तो निकाल लावा: नोटीस, नाहीतर तक्रार दप्तरी दाखल. विषय पित्याचा असल्याने मला हितसंबंध जाहीर करून सभागृहाबाहेर उभे राहावे लागेल. सदस्य तीन विरुद्ध तीन, आणि निर्णायक मत व्हरांड्यात! मती कुंठित झाली आहे.

दोन ओळी सत्वर धाड.

तुझा,
ऑब्री

*

स्ट्रॉमनेस,
८ जुलै १९९४

ती. दादास,

सा. न. तारेच्या घाईने लिहिते आहे, थट्टेला वेळ नाही.

दादा, ते पत्र पुन्हा वाच. झाड फेब्रुवारीतच पडले, तूच लिहिले होतेस. फाटकाजवळून रोज जाणाऱ्या प्रत्येकाने ते आडवे पाहिले आहे. आणि तो 'माजला असेल, चढले असेल' म्हणतो, 'आहे' म्हणत नाही. म्हणजे लिहिणाऱ्याने मळा हिवाळ्यापासून पाहिलेलाच नाही. झाड पडल्याचे ज्याला आपण सगळ्यांनी मिळून सांगितले नाही, असा गावात माणूस एकच आहे.

मी कालपासून रडते आहे आणि हसते आहे, नक्की काय ते कळत नाही. त्यांच्याशी क्रिकेटखेरीज काहीतरी बोल. सभेच्या आत बोल.

तुझी,
विनी

*

नेदर वॉलबी,
१४ जुलै १९९४

चि. विनी हिस,

आशीर्वाद, आणि या वेळी साष्टांग नमस्कारही, कारण बुद्धी तुझ्या वाट्याला गेली.

रविवारी बाबांना बार्नबीच्या गाडीत घालून मळ्यावर नेले. फाटकातून त्यांनी पाहिले.  मग झाड कुठे आहे एवढेच विचारले. मी सांगितले. ते म्हणाले की एवढे तरी सांगायचे होतेस, गाढवा. झाडाचे सुतक मला चालले असते.

मी विचारले, तक्रार का केलीत? माझ्याकडे न पाहता म्हणाले की कंबर चालत नाही, जमत नाही, हे आपल्या पोराला सांगायचे कसे? नोटीस आली की माणूस नियम म्हणून पाळतो, कोणाला काही सांगावे लागत नाही. ग्वेन दर आठवड्याला येऊन पायाच्या जुन्या जखमेची पट्टी बदलते आणि मळ्याबद्दल अवाक्षर काढत नाही, त्याचीच लाज वाटत होती. आणि मी दर रविवारी मळा झकास असल्याचे सांगे, ते त्यांना दयेपोटी मारलेली थाप वाटे. आयुष्यात मी प्रथमच सलग पाच आठवडे खरे बोललो, विनी, आणि त्याचे हे फळ.

मंगळवारी मी विधिपूर्वक व्हरांड्यात गेलो आणि दाराला कान लावला. नागरिकांना बोलण्यास तीन मिनिटे असतात. बाबा काठी टेकीत उभे राहिले. चाळीस सेकंदांत सांगितले की पत्रे माझी, तुकडा ग्वेनला द्या. उरलेली दोन मिनिटे वीस सेकंद त्यांनी सर्वांना झाडले: घेवड्याच्या काठ्या उत्तर-दक्षिण लावायच्या असतात, पूर्व-पश्चिम लावणाऱ्या महाभागांना ऊन कोठून येते हे ठाऊक नाही काय! डोरीनबाई म्हणाल्या की कानातले सापडले, आणि रुमालात तोंड खुपसले.

ठराव सर्वानुमते संमत. इतिवृत्तात 'एक करदाता' यांचे नाव कसे लिहावे यावर मात्र मतभेद असून विषय सप्टेंबरवर ढकलला आहे.

आता आम्हां दोघांनाही पुरून उरेल एवढे प्रेम पाठव.

तुझा,
ऑब्री

*

मिल लेन,
२१ नोव्हेंबर १९९४

प्रति, चिटणीस, ग्रामपरिषद, नेदर वॉलबी.
(चि. विनी, बाबांचे आशीर्वाद. ही प्रत तुझ्यासाठी.)

महोदया,

सातव्या तुकड्याच्या नव्या कसणाऱ्या ग्वेन टॅलबॉट यांनी काल अलुबुखाराचे रोप लावले. ते पाण्याच्या पिंपाला फार खेटून आहे. पंचवीस वर्षांनी मुळे पिंपाखाली जातील. झाड मोठे होते, हे मी अनुभवाने सांगतो. ते आत्ताच सहा फूट अलीकडे आणावे.

मी शनिवारी सकाळी दहाला मळ्यातल्या बाकावर असेन. खड्डा कोठे घ्यायचा ते काठीने दाखवीन. कुदळ कोणीतरी आणावी. कोण आणतो ते मी पाहणार नाही.

यापुढे माझ्या सर्व तक्रारी नावानिशी येतील. पुष्कळ आहेत.

आपला,
क्लेमेंट पेनफोल्ड