खिडकीतलं हिरवं पाणी

उरण,
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

चि. विनूस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. गौरीत नाचून तुझ्या आईचा गुडघा सुजला होता, तो आता उतरला. आपला एक ट्रेलर बंदराच्या लाइनीत अडकलाय. विनेश ड्रायव्हर उद्या मुंबईला येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि थोडी सुकट पाठवतो. फोन असताना बाबांना हे काय खूळ, असं म्हणशील. पण फोनवर तू बोलायला लागलीस की मला तोंड उघडवत नाही.

परवा किती खुशीत होतीस! शेवाळाच्या पेशीतल्या हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो, हे तू मला सुट्टीत समजावलं होतंस. तो लांबलचक धागा गुंडाळून त्याची बारीक गाठोडी होतात, ती सगळीकडे विखुरलेली असतात, म्हणून हरितलवकाचे दोन भाग झाले की दोघांच्याही वाट्याला माल येतो. मला तो आपला गाडी भरायचा धंदाच वाटला. आणि आता म्हणालीस, "बाबा, गाठोडी विखुरलेली नाहीत, कडेनं गोल कडं झालंय! आमच्या शेवाळात असं कुणी पाहिलेलंच नाही." शुक्रवारी मोठ्या सभेत तू ते दाखवणार. मी आळीत पेढेही वाटले. वाटताना कुणाच्या नजरेला नजर देववेना.

विनू, मांजरानं सांडलं असं लिहायचं मी ठरवलं होतं. पण मांजर बाटली परत भरत नाही.

तू आणि आई बायकांबरोबर गौर आणायला गेला होतात. मी मखराची लाइट लावायला खिडकीत चढलो आणि तू लॅबमधून आणून माझ्या राखणीत उजेडाला ठेवलेली शेवाळाची बाटली माझ्या कोपरानं आडवी झाली. सगळं हिरवं पाणी लादीवर! बाटली फुटली असती तर बरं झालं असतं, लपवायला जागाच उरली नसती. मी मागच्या तळ्यावर गेलो, तसंच हिरवं पाणी भरलं, कापसाचा बोळा लावला, लादी पुसली. हिरवं ते हिरवं, पोरीला काय कळणार, असं वाटलं.

म्हणजे ते कडं तळ्यातल्या दुसऱ्याच कुठल्या शेवाळाचं असणार. तुझ्या शेवाळात काही बदललेलं नाही.

सांडायचं ते कुणाच्याही हातून सांडतं. पण तू आनंदानं ओरडत होतीस आणि मी इकडून "शाबास, शाबास" म्हणत होतो, त्याची फार लाज वाटते. स्वतःच्या पोरीला कुणी असं फसवतं का?

काल तुझ्या आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पोरगी चार लोकांत तोंडावर परल, तवा तुमचं पेढं काय कामाचं हाय?" आणि परत भाजी निवडायला लागली.

संध्याकाळी तुझा फोन आला, तो मी मुद्दाम तिला उचलायला लावला. बाटलीचं सांगायचं तिनं माझ्यावरच सोडलं. तुझ्या लॅबच्या मॅडमनी तुला विचारलं म्हणे, घरी बाटलीला कुणी हात लावला होता का? आणि तू त्यांना म्हणालीस, "माझे बाबा राखणीला होते, मॅडम. त्यांच्यावर शंका घेऊ नका."

मॅडमना सांग, त्यांनी बरोबर विचारलं. माझं नाव घेऊन सांग, काही झाकू नकोस. तू म्हणशील तर शुक्रवारी येतो आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडानं सांगतो.

तू ज्याची हमी दिलीस तो,
बाबा