दाजींची होडी आणि पिकअपचा थरकाप

प्रिय दाजी,

तुमच्या प्लॅस्टरमधल्या आणि मोकळ्या अशा दोन्ही पायांना वाकून नमस्कार. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली तर विणकामाची सुई घालू नका, असं ताईने बजावलं आहे (फूटपट्टी चालेल, असं मी माझ्या जबाबदारीवर सांगतो). भूक, झोप आणि तुमच्या बंधूंच्या हातचा चहा, तिन्हींचं बरं चाललं असेल अशी आशा आहे. आम्ही सुखरूप आहोत, होडी सुखरूप आहे, आणि दाजी, सापडलं! वाटेत गाडीला सुटलेल्या थरथरीचं मूळ सापडलं! खरं तर फोनच करणार होतो, पण फोन ताईच्या ताब्यात आहे, ताई माझ्या शेजारून हलत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते तिच्या देखत सांगायची माझी छाती नाही. म्हणून हे पत्र लिहून तिकडे येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती देतो आहे.

निघताना तुम्ही खाटेवरून माझा हात धरून दोन गोष्टी सांगितल्या होत्या. होडीला ओरखडा येता कामा नये, ही पहिली. दुसरी सांगताना तुमचा आवाज इतका खाली गेला की मला कान तुमच्या तोंडाशी न्यावा लागला: "तुझ्या ताईला एकदा तरी तिच्यात बसव." इतकी वर्षं तुम्ही अंगणात फळीला फळी जोडून ती होडी बांधलीत आणि ताईने तिच्यावर चादरी वाळत घालण्यापलीकडे तिला हात लावला नाही, हे काय मला ठाऊक नाही? त्यात तुम्ही ट्रेलरवर ठेवलेल्या होडीत मागच्या टोकाला जाऊन बसलात, ट्रेलरचं नाक उचललं गेलं, आणि तुम्ही घसरगुंडीवरून उतरावं तसे थेट दवाखान्यात उतरलात. झालं! ताईने निकाल दिला. या रविवारपर्यंत होडी पाण्यात गेली तर गेली, नाहीतर सोमवारी वखारवाला करवत घेऊन दारात. आणि निकालाची अंमलबजावणी नीट होते की नाही हे बघायला ती स्वतः पिकअपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली.

वस्ती संपेपर्यंत गाडी गुणी मुलासारखी चालली. हमरस्त्याला लागलो, काटा सत्तरच्या पुढे सरकला आणि गाडीला हुडहुडी भरली. आधी सीट थरथरली, मग आरसा, मग ताईचा चष्मा नाकावरून पायी चालत ओठापर्यंत आला. वेग कमी केला की सगळं गप्प, वाढवला की पुन्हा सुरू. ताई खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, की वखारवाल्याला उगाच सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं. आभाळ अंधारून आलं होतं म्हणून मी दिवे लावले होते, आणि गंमत म्हणजे समोरून येणारा एकेक ट्रकवाला आम्हाला दिवे मिचकावून जात होता. माझा ऊर भरून आला. तुमच्या होडीचं असं कौतुक रस्त्यावरच्या परक्या माणसांनी करावं! मी प्रत्येकाला हात केला. एकाने तर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन काहीतरी ओरडून सांगितलं. शब्द कळले नाहीत, पण भावना पोचल्या. त्याला मी दोन्ही हात केले (ताईने स्टिअरिंग धरलं).

आता तुम्ही मला उतावळा म्हणता, पण या वेळी मी शास्त्रशुद्ध तपास केला. पेट्रोल पंपावर ट्रेलर सोडला, ताईला होडीजवळ खुर्ची टाकून बसवलं आणि नुसती पिकअप पळवून आणली. लोणी! नुसतं लोणी! म्हणजे गाडी निर्दोष, ट्रेलर गुन्हेगार. (परत आलो तर ताई म्हणाली, मला आणि हिला एकत्र टाकून पळालास असंच मी धरून चालले होते.) मग ट्रेलर टायरवाल्याकडे नेला. त्याने दोन्ही चाकं बॅलन्स केली, हवा बघितली, आणि टायर माझ्यापेक्षा तरुण आहेत असं माझ्या तोंडावर सांगितलं. पुन्हा रस्त्यावर, पुन्हा हुडहुडी. मग ग्यारेजवाला. त्याने चाकं जॅकवर उचलून फिरवली, बेअरिंग उघडून बघितली, ताजं ग्रीस भरलं. हूक ज्या गोळ्यावर बसतो तो गोळा आवळला. मी मध्ये मध्ये थांबून चाकाच्या मधल्या भागाला हात लावून तापलंय का बघत होतो, तर ताईही मागून हात लावून "ताप नाही" असं जाहीर करत होती. एवढं सगळं करून पुन्हा रस्त्यावर आलो आणि दाजी, चष्मा पुन्हा ओठावर! ग्यारेजवाला म्हणाला, आता गाडी ठेवून जा, इंजिन खाली उतरवून बघतो. ताईने पर्स उघडून फोन काढला. वखारवाल्याचा नंबर तिने आपल्या सगळ्या नातेवाइकांच्या वर ठेवला आहे, हे तेव्हा मला दिसलं.

मी म्हटलं, थांब, पाच मिनिटं दे. आणि उगाच रस्ता ओलांडून पलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. डोकं चालेनासं झालं की माणूस नुसतं बघत बसतो, तसा बघत बसलो. आणि तिथून, लांबून, पहिल्यांदाच मला सबंध वरात एकदम दिसली. पिकअप मागे अशी बसली होती की मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार सपाट झालेले, आणि तोंड आभाळाकडे! दिवे रस्त्यावर नव्हेच, झाडांवरच्या पाखरांवर रोखलेले! तेव्हा माझ्या डोक्यात असा उजेड पडला की विचारू नका. ते ट्रकवाले कौतुक करत नव्हते हो, माझे दिवे त्यांच्या डोळ्यांत जात होते! मी धावत गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा तो लांब शाफ्ट, गाडी मागून एवढी दबल्यामुळे भलत्याच कोनात वाकडा फिरत होता. हळू चालवलं की तो निमूट सोसतो, वेग वाढला की अंगात आल्यासारखा हलतो. गाडी एकटी असली की कोन सरळ, म्हणून तेव्हा लोणी. ना टायर, ना बेअरिंग, ना इंजिन. होडीचं नाक जड होऊन पिकअपची शेपटी दाबत होतं! मी गाडीखालूनच ओरडलो. ग्यारेजवाल्याच्या हातातला पाना पडला.

होडीच्या पुढच्या कप्प्याचं झाकण उघडलं. सगळ्यात वर वाळूची दोन पोती. (ती माझी. ट्रेलरचं नाक हलकं असलं तर तो शेपूट हलवतो असं शेजाऱ्याने सांगितलं होतं. थोडं वजन पुढे हवं म्हणाला होता, मी थोडं जास्त ऐकलं.) पोत्यांखाली चादरीचं गाठोडं, जे मी पोती ठेवताना ताईचे कपडे समजलो होतो. त्याच्याखाली, तळाशी, दाजी, तुमच्या व्यायामाच्या लोखंडी थाळ्या! ज्या तुम्ही वाजतगाजत आणल्या आणि ज्यांनी आजवर फक्त दार वाऱ्याने आपटू नये एवढंच काम केलं, त्या सगळ्या. म्हणजे दवाखान्यातूनच गुपचूप बंधूंना कामाला लावलंत, नाक पुन्हा उचललं जाऊ नये म्हणून. मला एका शब्दाने बोलला नाहीत!

मग मी गाठोडं उचलायला गेलो, तर ते उचलेना. ताई म्हणाली, ते राहू दे. म्हणाली म्हणजे ओरडलीच. पण तोवर गाठ सुटली होती. आत तिचं शिलाई मशीन होतं, दाजी. ज्या मशीनला ती घरात कुणाला हात लावू देत नाही ते, खालच्या ओतीव पायडलसकट, खोलून बांधलेलं. तिने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि गाडीकडे बघत म्हणाली, "हे मागेच जाऊन बसतात. नाक वर जातं. एकदा पडले तेवढं पुरे नाही का?" तुम्ही दवाखान्यात होता त्याच आठवड्यात शिडी लावून एकटीने चढवलं म्हणे. आत आधीच थाळ्या दिसल्या, तर तिला वाटलं होडीत लोखंड असतंच. ग्यारेजवाला भला माणूस, तो उगाच पुन्हा टायरची हवा बघायला गेला.

एक पोतं आणि थोड्या थाळ्या तेवढ्या ठेवल्या, बाकी सगळं पिकअपमध्ये पुढे सीटमागे घेतलं. पाटे वर आले, दिवे जमिनीवर आले. ऐंशीला गाडी अशी गेली की ताईने चष्मा काढून झोप काढली. ओरखडा एकही नाही. काल होडी पाण्यात सोडली. फळ्या फुगून फटी मिटेपर्यंत थोडं पाणी आत येईल असं तुम्ही सांगितलं होतं, तसं आलं, आणि आता थांबलं आहे. धक्क्याला बांधून ठेवली आहे. काय देखणी दिसते हो!

तुमचा उतावळा, पण या खेपेला कट्ट्यावर बसलेला,
मेहुणा

ता. क. थाळ्या तुम्ही ठेवल्या होत्या हे मी ताईला सांगितलेलं नाही, माझ्याच अंगावर घेतलं आहे. पण घरातून त्या कुणी आणल्या, हे तिला कळायचं राहिलं असेल असं समजू नका.

ता. क. २. आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र. रविवारी बंधूंच्या गाडीत मागे आडवे होऊन या, डॉक्टरांना मी निघतानाच विचारून ठेवलं आहे. आणि येताना बैठकीतली निळी उशी विसरू नका. पुढच्या फळीवर टोचतं म्हणे.

ता. क. ३. कुणाला टोचतं, असं तुम्ही विचारणार. तुम्ही मागे बसणार, म्हणून आज सकाळी मी मशीन पुन्हा पुढच्या कप्प्यात ठेवायला निघालो होतो. ताईने अडवलं. म्हणाली, "लोखंड कशाला? पुढे मी बसेन."