रेषा शिवून परत फिरल्याबद्दल

ती. नलिनी आत्यास,

सातासमुद्रापलीकडच्या क्लेटनहून अनुपचा सप्रेम जय भीम. तुझा गुडघा काय म्हणतो? माझा खांदा कुरकुरतोय, म्हणून अक्षर असं आलंय. पत्राचा फोटो पाठवतोय, कारण मेसेज लांबला की तू न वाचताच अंगठ्याचं चित्र पाठवतेस.

तर आत्या, मी इथल्या युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, अमेरिकन फुटबॉल संघात आहे. (पायाचा संबंध थोडाच, अंड्याच्या आकाराचा बॉल काखेत घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पळायचं, आणि त्यांनी आपल्याला आडवं पाडायचं.) बल्लारपूरला तुझ्या हाताखाली दहा वर्षं कबड्डी खेळल्यावर यात अवघड ते काय, असं वाटून नाव दिलं. चार सामने बाकावर बसून संत्र्याच्या फोडी खाल्ल्या. पाचव्यात, गेल्या शनिवारी, बॉल हातात आला. सहा जण चुकवले. एकाने घोटा धरला होता, तो तू शिकवलेल्या झटक्याने सोडवला. पुढे मैदान मोकळं, शेवटची रेषा दहा पावलांवर. तेवढ्यात पायाखाली एक पांढरी रेषा आली (इथे मैदानभर रेषाच रेषा आखतात, त्यात माझी काय चूक?). मी ती पायाने शिवली आणि दम तुटायच्या आत घराकडे वळलो.

"मेट, व्हेअर आर यू गोइंग?" कोच ओरडत होता. मला वाटलं, कौतुक चाललंय. चुकवलेले सहाही जण मला परत येताना बघून आधी बिचकले, मग एकदमच अंगावर पडले. सामना चार गुणांनी गेला; रेषा ओलांडली असती तर सहा मिळाले असते. फार लाज वाटली, आत्या.

येत्या शनिवारी शेवटची संधी आहे. पुन्हा वळलो तर संघाबाहेर. पण मी सोडणार नाही. रोज लेक्चर संपलं की एकटाच बॉल घेऊन पळतो, पलीकडच्या कुंपणाला हात लागेपर्यंत. सोमवारी दहापैकी सात वेळा पाय आपोआप वळले, आज तीन वेळा. शनिवारपर्यंत एकदाही वळणार नाहीत म्हणजे नाहीत.

तुझा,
अनुप

ता. क. पाय माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. घरी परत आल्याशिवाय गुण नाही, हे तूच छडी घेऊन त्यांना शिकवलंस. म्हणून एक कर. मैदानावरच्या त्याच आवाजात व्हॉइस मेसेज पाठव: "अनुप, मागे फिरू नकोस, तिकडेच जा." हेल्मेट घालायच्या आधी ऐकेन.

आणखी एक. मेसेज आईसमोर रेकॉर्ड करू नकोस. तिला वाटेल, तू मला इथेच कायमचं राहायला सांगतेयस. ऐकलाच तिने, तर सांग, फक्त शनिवारी वळणार नाही.